हातात ठिणग्यांचा पाऊस, बंदुकीत नुसतं ‘खट्’: फ्लिंटलॉकचं दर जुलैचं दुखणं

फ्लिंटलॉक म्हणजे गारगोटी पोलादावर घासून पडलेल्या ठिणगीने दारू पेटवणारी जुनी बंदूक, आणि लॉक म्हणजे तिच्यातली ती ठिणगी पाडणारी यंत्रणा. लक्षण असं. लॉक बंदुकीतून काढून हातात धरलं, घोडा चढवला आणि सोडला, की ठिणग्या भरभरून पडतात. तेच लॉक लाकडी दस्त्यात बसवून स्क्रू आवळले की घोडा पडतो खरा, पण आळसावल्यासारखा. दोन-चार तांबूस ठिणग्या, कधी तेवढ्याही नाहीत. गारगोटी बदलली की दोन-तीन बार नीट होतात, मग पुन्हा तेच. आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे डिसेंबरात हीच बंदूक गुण्यागोविंदाने चाललेली असते.

हे दुखणं मी तीन वर्षं पोसलं. त्यातली दोन वर्षं भलत्याच जागी औषध लावण्यात गेली. तुमची वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि फावल्या वेळात इथल्या जुन्या धाटणीच्या लांब नळीच्या, ठासणीच्या रायफली हाताने बनवतो. चार पूर्ण झाल्या, पाचवी बाकावर आहे. अठराव्या शतकात लँकॅस्टर आणि आजूबाजूच्या मुलखात येऊन वसलेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी आपल्या मायदेशातली आखूड, जाडजूड याएगर रायफल इथल्या जंगलासाठी लांब आणि सडपातळ केली. पुढे तिला ‘केंटकी रायफल’ असं नाव पडलं, पण ती घडली मुख्यतः पेनसिल्व्हेनियात. गाण्यात असतात तशी हिचीही घराणी आहेत. लँकॅस्टरचा दस्ता सरळ रेषेचा, त्यावरच्या पितळी झाकणाच्या टोकाला बहुधा डेझीचं फूल. लँकॅस्टरचा जेकब डिकर्ट (१७४०–१८२२) हा या घराण्यातला मोठा माणूस. लिहाय खोऱ्यातल्या दस्त्याच्या रेषेला डौलदार बाक. बेडफर्डची रायफल इतकी शेलाटी की हातात घेताना मनगटाशी मोडेल की काय वाटतं. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाकडे, पितळेच्या जागी लोखंड आणि नक्षीला फाटा. हे सांगायचं कारण रसिकता नाही. घराणं जितकं सडपातळ तितकं लॉकभोवती लाकूड कमी, आणि आपलं दुखणं नेमकं त्या लाकडात आहे.

भारतातल्या वाचकांसाठी एक ओळ: तिथे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे, मग ती ठासणीची का असेना. इथे अमेरिकेत संघीय कायदा अशा बंदुकीला ‘अँटीक’ समजतो, राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत.

शब्दांचं आधीच ठरवून घेऊ. ठासणीच्या बंदुकीचे बरेचसे शब्द मराठीत आयते आहेत: नळी, दस्ता, घोडा, चाप, गज, पेला (ठिणग्या ज्यात पडतात ती छोटी वाटी), रंजक (म्हणजे पेल्यात टाकायची बारीक दारू) आणि कान (नळीला असलेलं छिद्र, ज्यातून आग आत जाते). घोड्याच्या जबड्यात गारगोटी. ती ज्या उभ्या पोलादी पट्टीवर घासते तिला फ्रिझनच म्हणू. दस्त्यात लॉक बसण्यासाठी कोरलेली पोकळी ती खोबण.

आधी बंदूक रिकामी आहे का ते बघा

‘रिकामीच आहे’ हे माहीत असणं पुरेसं नाही. गज नळीत तळापर्यंत सोडा, नळीच्या तोंडाशी त्यावर बोटाने खूण धरा, बाहेर काढून तीच लांबी नळीला बाहेरून लावा. गजाचं टोक कानाच्या जवळपास पोचलं पाहिजे. दोन-तीन सेंटिमीटर अलीकडे थांबलं तर आत बार भरलेला आहे, आणि आजची तपासणी तिथेच थांबली. ज्या खोलीत ठिणग्या पाडायच्या तिथे दारूचा डबा नको, तेलाचे बोळे नकोत. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गारगोटीची कपची उडते तेव्हा सांगून उडत नाही.

एकच चाचणी, पण अंधारात

रात्री दिवे मालवा. लॉक दस्त्यातून काढा, फडक्यात धरा, पाच वेळा घोडा पाडा. मग तेच लॉक, तीच गारगोटी, काही न बदलता दस्त्यात बसवा, स्क्रू नेहमीसारखे आवळा, पुन्हा पाच वेळा. उजेडात ठिणग्या मोजायला जाऊ नका, डोळा फसतो. अंधारात त्यांचा रंगही दिसतो आणि त्या कुठे पडतात तेही दिसतं. चांगली ठिणगी पांढरट-पिवळी असते, पेल्यात पडून क्षणभर तडतडते. वाईट ठिणगी तांबूस असते आणि वाटेतच विझते.

या एका चाचणीने प्रश्न मधोमध चिरला जातो. दोन्हीकडे ठिणगी वाईट असेल तर रोग लॉकमध्ये. हातात चांगली आणि बंदुकीत वाईट असेल तर लॉकला हात लावू नका. मी नेमका तिथेच हात लावत बसलो होतो. फ्रिझन पुन्हा कडक करून घेतलं, मुख्य कमान (घोड्याला जोर देणारी स्प्रिंग) बदलली, चार प्रकारच्या गारगोट्या आणल्या, शेवटी लॉक बनवणाऱ्याकडे परत पाठवलं. त्याने ते तपासून, पुसून, ‘काही दोष नाही’ अशी चिठ्ठी लावून परत धाडलं. मला राग आला होता. चिठ्ठी बरोबर होती.

हातातही ठिणगी पडत नसेल तर

हा भाग भरभर उरकतो, कारण यावर सगळेच लिहितात. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की हवी: ठिणगी गारगोटीची नसते, पोलादाची असते. गारगोटीची धार फ्रिझनवरून पोलादाचे सूक्ष्म कीस काढते आणि ते तापलेले कीस हवेत जळतात. म्हणजे धार तीक्ष्ण हवी, पोलाद कडक हवं, आणि मध्ये तेल नको. पहिल्यांदा फ्रिझनचा चेहरा आणि गारगोटीची धार स्पिरिटने पुसा. बंदूक साफ करून तेल लावून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ठिणगी गेली, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा इथेच संपते.

मग फ्रिझनवरच्या रेघा वाचा. आडव्या रुंदीभर, सारख्या, वरच्या भागापासून जवळजवळ खालपर्यंत रेघा असतील तर ठीक. एकाच बाजूला रेघा असतील तर गारगोटी तिरकी बसली आहे, जबडा सैल करून सरळ करा. खोल चरे पडत असतील तर पोलाद मऊ आहे. चेहरा नुसता चकाकत असेल आणि गारगोटी घसरत असेल तर धार बोथट आहे. शंका असेल तर कानस लावा, पण फ्रिझनच्या कडेला, चेहऱ्यावर नको. कानस घसरली तर कडक, धरली तर मऊ. ज्या फ्रिझनला फक्त वरवर कडकपणा दिलेला असतो, म्हणजे आत मऊ लोखंड आणि वर कार्बन मुरवलेली पातळ साल, ते काही वर्षं छान चालतं आणि मग एकाएकी मरतं. साल झिजलेली असते. जुने लोहार त्यावर चांगल्या पोलादाची पट्टी जडवून देत, चपलेला तळ ठोकतात तसा. ती युक्ती आजही चालते.

पूर्ण पोलादी फ्रिझनला घरी पाणी द्यायचं असेल तर चुंबक हाताशी ठेवा: साधारण ७७० अंश सेल्सियसला पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं, त्याच्या थोडं वर गेलं की विझवायचं, म्हणजे बुडवून झटकन थंड करायचं. त्यानंतर १९०–२०० अंशांवर तासभर ठेवून ताठरपणा किंचित उतरवायचा. नाहीतर ते काचेसारखं फुटेल. बिजागरीकडचा पाय त्याहून मऊ हवा. हे पूर्वी कधी केलं नसेल तर लॉक बनवणाऱ्याकडेच पाठवा. पहिल्या प्रयत्नात मी एक फ्रिझन तडकवलं आहे. त्याचा ‘टिंग’ असा बारीक आवाज अजून कानात आहे.

गारगोटी चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून जबड्यात धरायची. घोडा अर्ध्यावर असताना तिची धार फ्रिझनपासून दोन-तीन मिलिमीटर दूर हवी. सपाट बाजू वर की उतरती बाजू वर, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. दोन्ही करून बघा, तुमच्या लॉकला जे मानवेल ते खरं. फ्रिझन उघडून परत उलटं आदळत असेल तर ते गारगोटीची धार फोडतं, तेव्हा दोष गारगोटीत नाही, फ्रिझनखालच्या छोट्या कमानीत आहे.

हातात चांगली, बंदुकीत वाईट

आता मुद्द्याची गोष्ट.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. नेमबाजीच्या मैदानावर हवा अशी की सदरा पाठीला चिकटलेला आणि झाडाचं पानही हलत नव्हतं. मी अकरा वेळा चाप ओढला, चार वेळा बार झाला. ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ मागच्या बाकावर बसून सँडविच खात होते. काही बोलले नाहीत. बाराव्या वेळी ‘खट्’ झालं तेव्हा म्हणाले, “रिकामी कर आणि लॉक काढ.” मी बार काढून घेतला, नळी रिकामी असल्याचं त्यांना दाखवलं आणि लॉक काढलं. “हातात पाड.” पाडलं. भर उन्हातही ठिणग्या दिसल्या. “आता बसव, पण स्क्रू आवळू नकोस. नुसते टेकव.” बसवलं. ठिणग्या आल्या. “आता आवळ.” आवळले. खट्.

“मग त्या बिचाऱ्या लॉकवाल्याला कशाला पत्रं लिहितोस?” एवढं म्हणून ते परत सँडविचकडे वळले.

पावसाळ्यात दार फुगून चौकटीला अडतं हे आपल्यापैकी कुणाला सांगावं लागत नाही. खांद्याने ढकलून दार लावत लहानाचा मोठा झालेला मी, पण मेपलचा दस्ता हातात घेतला की तो म्हणजे लाकूडच आहे हे विसरलो होतो. त्यावर इतकं सुंदर वाघपट्टी नक्षीचं वळण असतं, इतके तेलाचे हात चढलेले असतात, की तो वस्तूसारखा वाटतो, झाडासारखा नाही.

आकडे बघा. ओलं मेपल पार सुकवलं तर वाढीच्या वलयांना धरून ते ८ ते १० टक्के आखडतं, वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेत त्याच्या सुमारे निम्मं, आणि लांबीच्या दिशेत जवळजवळ नाहीच. ऋतू बदलताना एवढा फरक अर्थातच पडत नाही. हीटर चालू असलेल्या घरात हिवाळ्यात लाकडातली ओल ६–७ टक्क्यांवर येते, दमट उन्हाळ्यात ११–१२ पर्यंत चढते. लॉकच्या जागी दस्ता ४५ मिलिमीटर रुंद धरला तर हिवाळा-उन्हाळ्यात तो पाव ते अर्धा मिलिमीटर कमीजास्त होतो. मुख्य कमान आणि खोबणीची भिंत यांच्यामध्ये तुम्ही किती जागा सोडली होती? मी अभिमानाने कागदाच्या जाडीएवढी सोडली होती. खोबण जितकी चपखल तितका कारागीर मोठा, असं मला वाटायचं. बाहेरच्या कडेपुरतं ते खरं आहे, आतल्या पोकळीत नाही.

इथे एक गफलत होते, तीही सांगतो. ‘लाकूड फुगलं म्हणून खोबण लहान झाली’ हे सरसकट खरं नाही. मोकळं लाकूड सारखं फुगलं तर त्यातली पोकळीही त्याच प्रमाणात मोठी होते. अडचण अशी की इथे लाकूड मोकळं नाही. एका बाजूला लॉकची पट्टी, दुसऱ्या बाजूला पितळी पट्टी, मधून आरपार गेलेला पोलादी स्क्रू. पोलाद फुगत नाही. स्क्रूची लांबी तीच, मधलं लाकूड जाड, म्हणजे डिसेंबरात हलक्या हाताने आवळलेला स्क्रू जुलैत आपोआप घट्ट झालेला असतो. लॉकच्या पट्टीचा पुढचा भाग नळीला टेकलेला, तो हलत नाही. मागच्या टोकाखाली मात्र नुसतं लाकूड, ते टोक आत ओढलं जातं. पट्टी केसभर वाकते, आतली चाकं-खिळे अडखळतात, त्यांची डोकी खोबणीच्या तळाला लागतात. त्यात खोबणीचं आतलं लाकूड कोरं, तेल-वॉर्निश न लावलेलं. ओल तिथे आधी शिरते आणि कापलेले रेशे उभे राहतात. घोड्याचा पडण्याचा वेग थोडा जरी कमी झाला तरी गारगोटी कापण्याऐवजी घासत जाते. ठिणगी गेली.

हिवाळ्यात तेच लाकूड सुकून मागे सरकतं आणि बंदूक ‘आपोआप’ बरी होते. इथला हरणाच्या शिकारीचा खास फ्लिंटलॉक हंगाम सुरू होतो नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे लाकूड कोरडं असतानाच. म्हणून ज्यांची बंदूक फक्त शिकारीला निघते त्यांना हा रोग कधी कळतच नाही.

काजळी लावा, खूण वाचा

ही तपासणी दमट दिवशीच करायची. जानेवारीत केली तर बंदूक साळसूदपणे सगळं ठीक दाखवेल.

लॉकच्या आतल्या प्रत्येक भागावर काजळी आणि थोडं तेल यांचा पातळ हात फिरवा. लिपस्टिकही चालते, फक्त घरात ती कुणाची हे आधी बघा. लॉक बसवा, स्क्रू नेहमीसारखे आवळा, अंगठ्याने घोडा धरून हळूहळू पूर्ण चढवा आणि तसाच धरून हळूहळू उतरवा. दोनदा. मग लॉक सरळ बाहेर काढा, तिरकं काढलंत तर खोट्या खुणा उमटतील. आता खोबणीत विजेरी मारा.

माझ्या खोबणीत तीन खुणा होत्या. एक कमानीच्या खालच्या पात्याशी, खालच्या भिंतीवर, बोटभर लांब. दुसरी तळावर, एका स्क्रूच्या डोक्याची, तिळाएवढी काळी टिकली. तिसरी इतकी फिकट की मी ती पुसून पुन्हा काजळी लावली; ती पुन्हा तिथेच उमटली. ती होती चापाकडे जाणाऱ्या आडव्या दांड्याच्या छिद्रात.

खरवडणी किंवा अगदी धारदार छोटी पटाशी घ्या आणि फक्त काळं दिसतं तेवढंच लाकूड काढा. कीस कांद्याच्या सालीएवढा पातळ निघाला पाहिजे. पुन्हा काजळी, पुन्हा बसवणं, पुन्हा बघणं. मला नऊ फेऱ्या लागल्या, एक अख्खी संध्याकाळ. फिरत्या यंत्राने हे काम दोन मिनिटांत होईल असं वाटेल. करू नका. या शेलाट्या बंदुकीत खोबणीच्या तळाशी नळीच्या घळीपर्यंत फार थोडं लाकूड उरलेलं असतं, आणि कमानीच्या खालून गजाचं भोक जातं. एका मित्राने कमानीला ऐसपैस जागा करून देताना भिंत पार करून गजाच्या भोकात खिडकी पाडली. आता गज घालताना त्याचं टोक कमानीला थडकतं.

कमान जिथे झोपते तिथे एक मिलिमीटर मोकळीक ठेवा, तळाला अर्धा. आत कुणी बघत नाही. बाहेरची कड मात्र तशीच चपखल राहू द्या, जग तीच बघतं.

आडव्या दांड्याच्या छिद्राकडे जास्त लक्ष द्या, कारण तिथे प्रश्न फक्त ठिणगीचा नाही. तो दांडा लाकडाला किंवा चापाला आधीपासून टेकलेला असेल तर त्याचं टोक खाचेत पूर्ण बसत नाही, आणि अर्धा चढवलेला घोडा धक्क्याने सुटू शकतो. घोडा पाडलेला असताना आणि अर्ध्यावर असताना, दोन्ही वेळा चापाला किंचित मोकळी हालचाल जाणवली पाहिजे. जाणवत नसेल, किंवा अर्ध्यावरचा घोडा चाप ओढल्यावर एकदाही सुटला, तर ती बंदूक दुरुस्त होईपर्यंत भरायची नाही. इथे ‘बघू, चालतंय तोवर’ नको.

मग स्क्रू. सैल स्क्रूवर लॉकच्या पट्टीचं मागचं टोक अंगठ्याने दाबा. डुगडुगलं तर पट्टी सगळीकडे टेकत नाही, आणि स्क्रू आवळला की ती वाकणारच. काजळीने उंचवटा शोधा आणि उतरवा. पेल्याची बाजू नळीला टेकते तिथे मध्ये कागदाची पट्टी घालून ओढून बघा. घट्ट धरली गेली पाहिजे. तिथे फट असेल तर पट्टी आणखी वाकते, शिवाय रंजक सांडून लॉकच्या आत जाते ते वेगळंच. आणि स्क्रू आवळताना मनगट नको, दोन बोटं पुरेत. मी आता स्क्रूच्या खाचेची दिशा पेन्सिलीने टिपून ठेवतो: जुलैत ती डिसेंबरापेक्षा जवळजवळ पाव फेरा अलीकडे असते.

सगळं झाल्यावर खोबण आतून बंद करा. जुने कारागीर बऱ्याचदा आतली बाजू कोरीच ठेवत, आणि काही हौशी मंडळी ‘परंपरा’ म्हणून आजही तसंच करतात. ज्याची त्याची श्रद्धा. मी पातळ केलेल्या वॉर्निशचे दोन हात देतो, लाकडाचे उभे रेशे जिथे उघडे पडतात तिथे तीन. चपड्याचं पॉलिशही चालेल. नुसतं अळशीचं तेल ओल फारशी अडवत नाही, दस्त्यावर कितीही सुंदर दिसलं तरी. थर जाड करू नका, नाहीतर आत्ता काढलेली जागा पुन्हा भरून बसाल. वाळायला आठवडा द्या. आणि दस्ता रंगवताना आम्ल वापरलं असेल तर ते खोबणीत झिरपलेलं नाही ना, हे त्याआधी बघा. नाहीतर वर्षभरात कमान तांबूस व्हायला लागते.

एवढ्यानंतर गेल्या जुलैत, तशाच चिकट हवेत, वीसपैकी अठरा बार पेटले. राहिलेले दोन गारगोटी बोथट झाल्यामुळे गेले, धार काढल्यावर तीही चालली.

ठिणगी आहे, रंजक जळते, बार मात्र फुसका

हे वेगळं दुखणं, पण लोक दोन्ही एकत्र सांगतात म्हणून थोडक्यात. ‘फुसका बार’ हा शब्द आपण भाषणांसाठी वापरतो, इथे तो अक्षरशः होतो: पेल्यात भपकन ज्वाळा, आणि नळीत शांतता. अशा वेळी बंदूक खाली घेऊ नका. नळी लक्ष्याकडेच ठेवून एक मिनिट थांबा, आत दारू धुमसत असू शकते. मग कानात सुई घाला. दहापैकी नऊ वेळा कान काजळीने किंवा साफसफाईच्या तेलाने बुजलेला असतो. बार भरण्याआधी कान आणि तळ कोरड्या चिंधीने पुसायची सवय लावा. कानाचा व्यास साधारण १.६ मिलिमीटर असतो. ड्रिलच्या पात्याचा मागचा गुळगुळीत दांडा घालून मोजा, आणि मोठा करायची घाई करू नका. मोठा केलेला कान परत लहान होत नाही, मग आतली नळकांडी बदलावी लागते.

रंजक भरपूर टाकली की लवकर पेटते, हा गैरसमज. कान रंजकीखाली गाडला गेला तर ती वातीसारखी जळत आत जाते, आणि ‘भस्स... धाड’ असा दोन तुकड्यांचा आवाज येतो. कान उघडा राहील एवढीच टाका, पण ती कानाजवळ असू द्या. दमट दिवशी दर बारानंतर पेला, गारगोटी आणि फ्रिझन पुसा. जळलेल्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते, आणि पाच मिनिटांत पेल्यात काळी चटणी होते. तिच्यावर टाकलेली कोरडी रंजक भिजायला वेळ लागत नाही.

थंडीत लॉक सुस्त वाटलं तर ते लाकूड नव्हे, आतलं जाड वंगण. धुऊन टाका आणि पातळ तेलाचा एकच थेंब द्या. दुहेरी चापाच्या बंदुकीत घोडा मध्येच अर्ध्या खाचेत अडकत असेल तर आतली तांदळाच्या दाण्याएवढी हलती पट्टी चिकटली आहे का किंवा लॉक उघडताना हरवली आहे का ते पाहा. मी ती एकदा गालिच्यावर पाडली होती. चुंबक फिरवून सापडली.

पाचव्या रायफलीची खोबण मी यंदा मुद्दाम ऑगस्टात कोरतोय, खिडक्या उघड्या आणि एसी बंद ठेवून. घाम पटाशीवर टपकतो, बायको दारातून डोकावून जाते. लाकूड आत्ता आहे त्याहून जाड पुढे होणार नाही. डिसेंबरात स्क्रू सैल पडतील, तेव्हा पाव फेरा आवळीन.